दगडावरची खालची ओळ

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी, दुसरं काही नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर ओळी वरखाली गेलेल्या दिसतील, खाडाखोड दिसेल. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून दुपारी डबे गेले की बसून लिहिते. नावं कुणाचीच घालणार नाही.

मी कोल्हापुरात एका पेठेत राहते आणि जेवणाचे डबे करून देते. त्यातला एक डबा आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून जायचा. तो दोन माणसांचा होता. एक अण्णा, सरकारी कचेरीत कारकून. दुसरे शिंपी, शाळेचे गणवेश शिवायचे. ते आजऱ्याकडून कामासाठी आले, अण्णांच्या घरी उतरले आणि तिथंच राहिले. गल्लीनं त्यांना पहिल्या दिवशी पावणं म्हटलं आणि तीस वर्षं झाली तरी ते पावणंच राहिले. मीही तेच म्हणते. अण्णा सांगायचे, माझा आत्तेभाऊ आहे. मला ते खरं वाटायचं. आत्तेभाऊ-मामेभाऊ एका घरात राहतात, त्यात काय.

मग एक दिवस मालक, म्हणजे माझा नवरा, पेपर घेऊन घरात आले. ते टेम्पो चालवतात. पेपरात अण्णांचा फोटो होता. बागेत बसलेल्या दोन पोरांना पोलिसांनी एका चौकीत नेऊन मारलं होतं आणि घरी सांगू अशी भीती घालून त्यांचे खिसे रिकामे केले होते. अण्णा चार माणसं घेऊन त्या चौकीसमोर फुटपाथवर बसले होते. हातात पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर लिहिलं होतं, आम्ही समलिंगी आहोत, गुन्हेगार नाही. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. अक्षरं जुळवून दोनदा वाचला.

मालक म्हणाले, "आत्तेभाऊ म्हणं. सगळ्या गल्लीला येड्यात काढलंय की. उद्यापासनं त्यांचा डबा बंद."

मी बंद केला. नवऱ्यानं सांगितलं म्हणून केला असं लिहिता येईल, पण मलाही लोकांची भीती वाटली होती. निरोपसुद्धा दिला नाही. त्यांचा रिकामा डबा माझ्या फळीवर आठ दिवस तसाच पडून होता. नवव्या दिवशी सकाळी अण्णा आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वैनी, राग असंल तर मला बोला. त्या माणसाला का उपाशी ठेवलासा? आठ दिवस पाव खाऊन मशीन मारायलंय. मी केलेलं पिठलं त्याच्या घशाखाली उतरत न्हाय."

आत मालक शर्टाची बटणं लावत होते. तिथूनच म्हणाले, "तुमास्नी पिठलं बी येत न्हाय व्हय, अण्णा?"

"येतंय की. गुठळ्या हुत्यात."

मालकांना हसू आलं. मग चुलीवर तवा होता तो मी परत तापवला. त्या दिवसापासून डबा पुन्हा सुरू झाला. आठ दिवसांविषयी अण्णांनी नंतर कधी अक्षर काढलं नाही. मी मात्र ते विसरले नाही.

त्या पाटीपायी अण्णांची बदली झाली, ती नेमकी आजऱ्याला. गल्लीत लोकांनी विचारलं तर पावणं सांगायचे, "आता त्यो माझ्या गावचा पावणा झालाय." दर शनिवारी माझा डबा पावणं पळत स्टँडवर न्यायचे आणि आजऱ्याच्या एस.टी.त कंडक्टरच्या सीटखाली ठेवून यायचे. अण्णा तीन वर्षांनी परत आले. तोवर त्यांची संघटना झाली होती. वडगावपासून, कागलपासून पोरं त्यांच्याकडं यायची. कुणाला बापानं घरातून काढलेलं, कुणाला मालकानं कामावरून. देवीला सोडलेले, साड्या नेसणारे जोगते यायचे, त्यांना रेशनकार्ड नसायचं. अण्णा कारकून, त्यांना कुठला अर्ज कुठल्या खिडकीला द्यायचा ते पाठ. त्यांची कार्डं करता करता त्यांनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचीही कार्डं केली. मोर्च्याला मी कधी गेले नाही. मोर्च्याच्या दिवशी डब्यात चार भाकऱ्या जास्तीच्या घालत होते, एवढंच.

दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं सांगितलं त्या दिवशी अण्णा दारोदार पेढे घेऊन फिरले. काही घरांनी घेतले, काहींनी दार ओढून घेतलं. मालकांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही, देवळीत ठेवला. संध्याकाळी बघितलं तर तो तिथं नव्हता.

त्यानंतर अण्णांच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं दवाखाना चालला. दोघांची होती नव्हती ती शिल्लक त्यात संपली. दवाखान्याच्या कागदावर नातं विचारायचे तेव्हा पावणं भाऊ असं लिहायचे. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा बघितलं. लिहिताना त्यांचा हात अडला नाही. सवय झाली होती.

अण्णा गेले तेव्हा कागलहून त्यांचा पुतण्या आला. अग्नी त्यानं दिला. रक्षाविसर्जनाची बातमी पेपरात आली. त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, पुतणे, नातवंडे असा परिवार आहे. पावण्यांचं नाव कुठंच नव्हतं. घर अण्णांच्या नावावर होतं, ते कायद्यानं भावाकडं गेलं. पुतण्या काही वाईट वागला असं मी म्हणणार नाही. तो एवढंच म्हणाला, "तुमचं काय असंल ते घिऊन जावा." पावण्यांनी शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि कात्र्यांची पिशवी उचलली आणि आमच्या मागच्या बोळात एक खोली भाड्यानं घेतली.

वर्ष होत आलं तेव्हा संघटनेच्या लोकांनी आणि आमच्या तरुण मंडळानं मिळून ठरवलं की चौकातल्या पिंपळाला अण्णांच्या नावानं दगडी कट्टा बांधायचा आणि त्यावर काळ्या दगडाची पाटी बसवायची. नगरसेवकानं होकार दिला. गल्लीत वर्गणी निघाली. अण्णांनी ती पुठ्ठ्याची पहिली पाटी त्याच पिंपळाखाली बसून रंगवली होती म्हणून ती जागा, असं संघटनेतली वकील पोरगी म्हणाली. ती शिकत होती तेव्हापासून अण्णांकडं यायची.

त्याच आठवड्यात पावणं डबा न्यायला आले आणि दारात थांबले. एरवी ते डबा घेतात आणि जातात.

म्हणाले, "वैनी, दवाखान्यात मी भाऊ झालो. पेपरात मी कोणच नव्हतो. आता दगडावर तरी एकदा माझं नाव त्याच्या नावाखाली यावं, असं वाटतंय. एकदा बास. हे चूक हाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मंडळाची बैठक आमच्या घरासमोरच्या खोलीत असते आणि चहा माझ्याकडून जातो. त्यामुळे मी किटली घेऊन दाराशी होते. अध्यक्ष गल्लीतलेच, दुधाचा धंदा करतात, मोठ्यानं बोलतात पण मनानं साफ आहेत. पहिली भांडणं वरच्या ओळीवरून झाली. फ्लेक्सवाल्यानं नमुना करून आणला होता, त्यात थोर समाजसेवक असं लिहिलं होतं.

वकील पोरगी म्हणाली, "समाजसेवक काय? समाजसेवक तर तुमच्या प्रत्येक फ्लेक्सवर चौदा जण असतात. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी लढले असं लिहा. तेच केलं त्यांनी."

अध्यक्ष म्हणाले, "आगं बाळ, चौकात बायका-पोरं बसत्यात. ती वाचणार."

"काका, वाचण्यासाठीच लिहितोय ना आपण? झाकायचं असतं तर दगड कशाला, गोणपाट घातलं असतं."

लोक हसले आणि वरची ओळ तिच्या मनासारखी ठरली. मग खालची ओळ आली. आमच्याकडं देवळातलं बाकडं असो, शाळेतला पंखा असो की स्मशानातला नळ, त्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असं असतं आणि खाली देणाऱ्याचं नाव, यांजकडून. पत्नी व मुले यांजकडून, नातवंडांकडून. वर्गणीत कट्ट्याचं बांधकाम भागत होतं, पण दगड आणि कोरणावळ मिळून अठरा हजार कमी पडत होते. पुतण्यानं ते द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे खाली पुतणे व परिवार यांजकडून असं येणार होतं.

वकील पोरगीनं पावण्यांचं नाव सुचवलं. अध्यक्ष अवघडले. म्हणाले, "रीत हाय ती हाय. ज्याचा दगड त्याचं नाव. उद्या मी एकाला सूट दिली तर देवळातल्या घंटेवर बी भांडणं हुत्यात. पावणं, तुमी दगड देतासा का? रविवारपतोर सांगा."

पावणं खाली बघत होते. चहा सगळा प्याले आणि कप जागेवर ठेवून गेले.

आम्हा वीस बायकांची भिशी आहे. दर महिन्याला हजार रुपये घालायचे, चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. कुणाला नड असली तर ती बोलून दाखवते आणि सगळ्यांचं मत पडलं तर चिठ्ठी न काढता तिला देतात. इतक्या वर्षांत मी कधी मागितली नव्हती. नड नव्हती असं नाही, बोलायची लाज. त्या शुक्रवारी भिशी होती. चिठ्ठ्यांचा डबा हलवायला घेतला आणि मी म्हणाले, "ह्या महिन्याची मला द्या."

एक जण म्हणाली, "आगं बया, हिला तोंड हाय."

दुसरीनं विचारलं, "कशाला पायजे?"

"दगडाला."

"वीस हजाराचा दगड? सोन्याचा हाय काय?"

"काळा हाय. अण्णांचा. पावण्यांचं नाव त्याच्यावर यायचं हाय."

मला वाटलं, आता चार गोष्टी ऐकाव्या लागणार. भिशीतली एक म्हातारी, जिच्याशी माझं कधी फारसं जमलं नाही, ती सुपारी कातरत म्हणाली, "माझं रेशनकार्ड तीन वरसं अडकलंतं. अण्णानं आणून दिलं. मी दोन वेळा त्याच्या तोंडावर दार लावलंतं, तरी बी आणून दिलं. द्या हिला."

कुणी नाही म्हणालं नाही. एकीनं जाता जाता टोमणा मारला, "मालकाला काय सांगणार हाईस?" मी घरी जाऊन मालकांना खरं तेच सांगितलं. ते बराच वेळ पायातल्या चपलेचा अंगठा बघत बसले. मग म्हणाले, "माझ्या टेम्पोच्या टायरला मागितली न्हाईस कधी." एवढंच. रागावले होते, पण अडवलं नाही.

पावण्यांना पैसे घ्यायला लावणं जास्त अवघड गेलं. ते दोनदा परत ठेवून गेले. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "आठ दिवस मी तुमास्नी उपाशी ठेवलंतं." त्यावर ते माझ्याकडं बघत राहिले. बहुतेक त्यांना वाटत असावं की मला ते आठवत नसेल.

म्हणाले, "घेतो. पण हे उसने हाईत, वैनी. दोन हजार तुमी ठेवा, अठरा मी घेतो. फिटल्याशिवाय त्यो दगड माझा न्हाय. लोकांसाठी माझा, माझ्या मनाला न्हाय."

रविवारच्या बैठकीला पुतण्याही कागलहून आला होता. पावण्यांनी पैसे अध्यक्षांसमोर ठेवले. पुतण्या आवाज न चढवता म्हणाला, "पैशाचं न्हाय, काका. पैसे आमी बी देतोय. पण दगडावर नातं लागतंय. आमी रक्ताचं हाय. ह्यांचं नातं काय लिहिणार?"

वकील पोरगी म्हणाली, "जोडीदार."

"कायद्यात बसतंय का?"

ती खरं बोलणारी आहे. म्हणाली, "गुन्हा नाही, एवढं कोर्टानं सांगितलंय. नातं म्हणून अजून मान्य केलेलं नाही."

"मग? उद्या कोणबी म्हणंल मी जोडीदार. कशावरनं?"

मित्र लिहा, असं कुणीतरी पुटपुटलं. सहकारी लिहा, दुसरा म्हणाला. पावण्यांचा चेहरा मी दारातून बघितला. ते आता उठून जाणार आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाहीत, हे मला कळलं.

मी किटली खाली ठेवली आणि रस्ता ओलांडून घरी गेले. अण्णांचा जुना डबा माझ्याकडंच राहिला होता, कारण अण्णा गेले तेव्हा तो माझ्याकडं भरायला आलेला होता. पावण्यांनी तो मागितला नाही, मी दिला नाही. आम्ही भांडी घेतली की दुकानात मशीननं त्यावर नाव घालून घेतो, लग्नकार्यात हरवू नयेत म्हणून. मी तो डबा आणून अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला.

"वाचा," मी म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि वाचलं. झाकणावर अण्णांचं पूर्ण नाव, मग व, मग पावण्यांचं पूर्ण नाव, खाली आजरा. ते म्हणाले, "आजरा कशाला?"

पावणं म्हणाले, "त्याची बदली झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यानंच घेतला. तिकडच्या दुकानातनं."

मी पुतण्याकडं न बघता म्हणाले, "ताटं, तांब्या, पातेली, समद्यांवर असंच हाय. तुमच्या घरात हाईत ती. मी घासल्यात, मला म्हाईत हाय." चार माणसांत मी इतकं कधीच बोलले नव्हते.

पुतण्या डबा हातात घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. आईनं बी बघितलंय. तिनं ती भांडी वापरायला काढली न्हाईत. माळ्यावर ठेवल्यात."

अध्यक्ष म्हणाले, "मग झालं की. भांड्यावर नातं लिहीत न्हाईत, नुसतं नाव घालत्यात. आनि नाव घरच्याचंच घालत्यात. कोण शेजाऱ्याचं घालतंय? तसंच दगडावर घाला. वर अण्णा, खाली पावण्यांचं नाव, यांजकडून. नातं ज्याला कळायचं त्याला कळंल."

पुतण्यानं मान हलवली. आनंदानं नाही, पण हलवली.

कार्यक्रम वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. हलगी होती. नगरसेवकानं नारळ फोडला. वडगावची, कागलची पोरं आली होती, जोगते हिरव्या साड्या नेसून आले होते. पिंपळाखाली जागा पुरेना म्हणून बायका गच्चीवर उभ्या होत्या. दगडावरचं कापड पावण्यांनी स्वतः शिवलं होतं, वर दोन बंद ठेवून, ओढलं की एकदम खाली यावं असं. अध्यक्षांनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं. कापड खाली आलं आणि लोकांनी मोठ्यानं नाव वाचलं, आधी अण्णांचं, मग समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढले ही ओळ, मग पावण्यांचं. नंतर टाळ्या झाल्या. पुतण्या थोडा उशिरा आला, मागं उभा राहिला. जाताना त्यानं गोणीत बांधलेली भांडी पावण्यांच्या खोलीत ठेवली. आईनं पाठवल्यात, म्हणाला. त्या दिवशी मी दोनशे माणसांचा भात केला होता, त्यामुळे भाषणं काय झाली ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर नेहमीची माणसं बसायला लागली. पेन्शनर, शाळा सुटलेली पोरं, दुपारी भाजीवाल्या. मालकही टेम्पो लावून तिथं बसतात आणि नवीन माणसाला पाटी वाचून दाखवतात. सगळी वाचतात, काही वगळत नाहीत. पावणं तेवढे कधी बसले नाहीत. तिथून जाताना दगडावरची धूळ पुसायचे आणि पुढं जायचे. लोकांना वाटायचं, आठवण येत असेल. मला कारण माहीत होतं, पण ते कुणाला सांगू नका असं पावण्यांनी बजावलं होतं.

ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. डोळ्याला दोरा नीट दिसत नाही. तरी दोन शाळांचे गणवेश त्यांनी घेतले. दर महिन्याला डब्याच्या पैशांबरोबर वेगळी घडी घालून काहीतरी द्यायचे, कधी पाचशे, कधी तीनशे, जूनमध्ये जास्त. मी म्हणायचे राहू द्या, ते म्हणायचे, "मग नाव खोडायला लागंल." एका महिन्यात ताप आला होता तेव्हा मी घेणार नाही म्हणाले, तर त्यांनी मालकांकडं दिले. मालकांनी गुपचूप घेतले. मला म्हणाले, "घेऊ दे की माणसाला स्वतःचा दगड."

परवा सोमवारी ते डबा न्यायला आले. या जूनच्या गणवेशाचे पैसे आले होते. दोन हजार शंभर राहिले होते, ते त्यांनी दिले. मी पोळपाटावर ठेवून मोजले, कारण न मोजता घेतलेले त्यांना चालत नाहीत. बरोबर होते. मी म्हणाले, "बसा, चहा टाकते."

"नको. डबा आज तिकडंच घेऊन जातो," ते म्हणाले.

मी दारातून बघितलं. ते चौकात गेले, पेन्शनर लोकांनी सरकून जागा केली आणि ते पाटीशेजारी कट्ट्यावर बसून जेवले. अठरा हजार पूर्ण फिटले.